हीर

पहिला आरा तुटला घणसोलीच्या सिग्नलला.
टिंग.
मोरीत चमचा पडावा तसा.
दुसरा कधी तुटला ते कळलंही नाही.
चौथ्यानंतर मागचं चाक ब्रेकला घासायला लागलं,
तेव्हा सायकलची घडी घातली
आणि काखोटीला मारून घरी आले.
वॉचमननं लिफ्ट अडवली नाही.
घडी घातली की सामान, उलगडली की सायकल,
सोसायटीचा ठरावच आहे तसा,
दीड तास भांडून झालेला.

वाशीत, सेक्टर सतराला, एसी शोरूम.
काळ्या सायकली आकड्यांना टांगलेल्या,
मटणाच्या दुकानासारख्या.
"स्पोक नाही येत मॅम, व्हील येतं. कम्प्लीट.
सहा आठवडे, बेचाळीसशे."
म्हटलं, मला चार हवेत.
म्हणाला, चार नाही येत.

कोपरखैरण्याला सेक्टर पाच, मग पंधरा,
मग परत पाच, कारण ते दुपारी झोपतात.
बावीसची आहे, चोवीसची आहे, सव्वीसची हवी तेवढी.
पोरांच्या सोळाची आहे, पण ती जाड,
हबच्या भोकात शिरत नाही.
चाक विसाचं खरं, पण हब इतका थोराड
की विसाचीही लांब पडते.
तुर्भ्याला एकानं विचारलं, कुठल्या देशाची?
मला काय माहीत.
आमच्या लॅबच्या घैसासबाईंनी मेलबर्नला जाताना दिली,
एका कुकरसकट.

शेवटी बोनकोडे.
चारी बाजूंनी सेक्टर, मध्ये गाव,
गावात जोमा म्हात्रेचं दुकान, म्हणजे एक भिंत आणि ताडपत्री.
त्यानं चाक मांडीवर घेतलं,
एकेक आरा नखानं वाजवत गेला,
तुटलेल्या जागी नख हवेत थांबायचं
आणि पुढे जायचं.
"चाक बरा हाय. थोरा आउट झालाय."
मोजपट्टी नव्हती.
कोपऱ्यातल्या खराट्याचा एक हीर उपसला,
हबच्या भोकापासून रिमपर्यंत धरला,
खूण करून मोडला.
"यवरा. केसभर कमी चालंल. जास्त नको,
ट्यूबला टोचंल."

पर्समध्ये मोडेल म्हणून हीर अंबाड्यात खोचला.
दिवसभर तसाच.
रक्त काढून घेताना एक आजोबा म्हणाले,
बाई, डोक्यात काडी अडकलीय.
म्हटलं, माप आहे.
दुपारी लॅबच्या पट्टीवर ठेवला:
एकशे त्र्याहत्तर मिलिमीटर.
जोमाला सांगितलं तर म्हणाला, असंल.

सव्वीसच्या तारा कापायच्या, नवे आटे पाडायचे,
म्हणजे रबाळे एमआयडीसी.
इनामदारांच्या शेडमध्ये बोल्टची पोती,
मशीनच्या आवाजात ते ओरडले, किती हजार?
चार!
चार हजार?
चार!
त्यांनी मशीन बंद करून परत विचारलं.
मग खूप वेळ हीर हातात फिरवत राहिले.
"दीडला जेवणाची सुट्टी. तेव्हा या."
एका हातात भाकरी, दुसऱ्यानं आटे पाडले.
चाळीस रुपये घेतले,
पाचवी तार फुकट दिली,
एक तुटतेच म्हणाले.

आता आरे अठ्ठावीस,
चोवीस मळकट, चार लखलखीत.
जोमा पाव फेऱ्यानं निपल आवळत होता, सैल करत होता,
पुन्हा आवळत होता,
रिमशेजारी खडू धरून.
खडू लागायचा थांबला तेव्हा उठला.
मी वाजवून पाहिले. नवे चौघे वरच्या पट्टीत.
"नवीन हायेत, वरडनारच.
पंधरा दिसांनी आन."

पंधरा दिवस व्हायचेत.
हीर माझ्या टेबलावर आहे,
लॅबच्या रिकाम्या ट्यूबमध्ये उभा, अर्धा बाहेर.
कुणी कचरा समजून टाकू नये म्हणून लेबल चिकटवलं.
नाव: मागचं चाक.
बाजू: उजवी.
उपाशीपोटी की जेवणानंतर,
तो रकाना मोकळाच ठेवला.